कोरडा पंप

फोन आला तो बुधवारी, सव्वाअकराला. कर्वेनगरातल्या माझ्या गॅरेजशेजारी एसटीडी बूथ आहे, तिथल्या माणसाने हाक मारली. त्याच महिन्यात त्याने आत दोन कॉम्प्युटर बसवले होते आणि इंटरनेट चालू असलं की त्याचा फोन लागत नसे. शाळेतून तासभर प्रयत्न चालला होता म्हणे. माझी बायको पद्मजा महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. घंटा द्यायला उठली आणि तिथेच कोसळली. मी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं.

हाक आली तेव्हा मी बाबुराव साहेबांच्या फियाटचं इंजिन बांधत होतो. मेन बेअरिंगचे बोल्ट आवळणं चाललं होतं. दहा दिवसांनी गॅरेज उघडलं, तर कोणते आवळले नि कोणते राहिले ते आठवेना. सगळे सैल करून पुन्हा आवळले.

ऑइल पंप घरी होता. नव्याने बांधलेल्या इंजिनात तेलाच्या वाटा कोरड्या असतात. त्यात पंपही कोरडा असला तर तो तेल ओढत नाही, आणि तसंच इंजिन सुरू केलं तर बघता बघता बेअरिंगं जळतात. म्हणून पंपाच्या दातांत व्हॅसलीन भरायचं. त्याने फटी बंद होतात, पंप तेल उचलतो, पुढे व्हॅसलीन तेलात विरून जातं. पण भरणारा हात स्वच्छ लागतो. माझ्या बोटांच्या भेगांत सदा काळा कीस असतो. तो पंपात गेला की मेहनत वाया. म्हणून बावीस वर्षं प्रत्येक पंप डब्याच्या पिशवीतून घरी जायचा.

"आणला वाटतं तुमचा पाहुणा?" पद्मजा विचारायची. आमची जेवणं झाली की हात धुऊन बसायची, बोटाने व्हॅसलीन भरायची, पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड पांढऱ्या दोऱ्याने बांधायची. "घ्या, पाहुणा जेवला." दोरा बांधला म्हणजे पंप तयार. मी पुन्हा उघडून पाहत नसे.

मंगळवारी तिने हा पंप भरला तेव्हा मी समोरच बसलो होतो.

तो फळीवर तसाच सापडला, दोरा बांधलेला. मी गॅरेजात नेला, दोरा कापला आणि पंप इंजिनात बसवला. पंपाला झाकण असतं, आतलं दिसत नाही. इतके दिवस पडून होता, उघडून पाहायला हवा होता. मी पाहिला नाही. तिने भरलेला तो शेवटचा पंप होता. त्यानेच तेल वर चढावं, एवढंच माझ्या मनात होतं.

शनिवारी बाबुराव साहेब आले. ते कचेरीतून निवृत्त झालेले, मुलगा अभय हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये. "अभय म्हणतो, भंगारात द्या. मी म्हटलं, गाडीच्या आधी मला भंगारात दे," म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मी तेल ओतलं, डिस्ट्रिब्युटर काढला, त्या भोकातून लांब दांडा पंपापर्यंत घातला नि ड्रिल मशीनने पंप फिरवायला लागलो. प्रेशरचं घड्याळ त्यांच्या हातात दिलं. काटा हलला की तेल आलं.

एक मिनिट फिरवलं. दोन मिनिटं.

"काय सुखदेवराव, काटा झोपलाय की मेलाय?" म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

मशीन बंद केलं. तेल काढलं, खालचा तेलाचा चेंबर उतरवला, पंप सोडवला, झाकण उघडलं. आत दात लखलखीत होते. व्हॅसलीनचा ठिपका नाही. भांड्याच्या साबणाचा वास येत होता.

पंप घेऊन घरी गेलो. तिथे यमुना होती, पद्मजाची धाकटी बहीण. कात्रजहून माझ्यासाठी येऊन राहिली होती.

"यमुना, फळीवरची पिशवी तू उघडली होतीस?"

"मीच, दाजी. जलदानविधीच्या आदल्या दिवशी घर धुवायला काढलं नव्हतं का? केवढं चिकट होतं ते! गरम पाण्यात बुडवून इतकं फिरवलं, सगळं पांढरं बाहेर आलं. वाळवलं नि त्याच दोऱ्याने बांधून ठेवलं. म्हटलं, अक्काने ठेवलं होतं तसंच असू दे." मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "काही चुकलं का?"

"नाही. स्वच्छ झालाय."

तिने हात पदराला पुसले. "त्यात काही भरायचं असतं का? अक्का बसायची खरी काहीतरी घेऊन. द्या, मी भरते."

"नको. मी भरीन."

पद्मजाची व्हॅसलीनची डबी उघडली. वरच तिच्या बोटाने काढलेला खड्डा होता. माझं बोट आत घालायला नेलं, नखाकडे पाहिलं आणि डबी बंद केली.

त्या दिवसापासून मी हात धुतोय. रॉकेलने, साबणाने, लिंबाने, मग यमुनाने दिलेल्या दातांच्या जुन्या ब्रशने. गॅरेजात दुसरं काम घेतलेलं नाही, घेतलं की हात पुन्हा काळे होणार. बाबुराव साहेबांचा निरोप आला, "घाई नाही म्हणावं. फक्त पुण्यात उड्डाणपूल आधी झाला तर कळवा."

आज बुधवार. चेंबर अजून उतरवलेलाच आहे. नखांच्या कडा काळ्या आहेत. पंप भरायचा राहिला आहे.