शिट्टी थांबली

तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. या गृहस्थाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मोटरसायकलचं इंजिन बोलायला लागलं की हा पठ्ठ्या डोळे मिटून घ्यायचा, कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि अशा जागी आणून सोडायचा की गिऱ्हाइकाने नुसतं बघत राहावं. मीटर नाही, यंत्र नाही, कान तेवढे. म्हणून सगळा रस्ता त्याला कानसेन म्हणायचा. बायकोसुद्धा रागावली की 'अहो कानसेन' अशी हाक मारायची, आणि ती बऱ्याचदा रागवायची.

त्याच कानांनी आता दगा द्यायला सुरुवात केली होती.

एकदम नाही. आधी कपात चमचा हलवल्याचा आवाज गेला. मग दाराची घंटा गेली, मग किल्ल्यांचा जुडगा. जाडे आवाज येत होते: ट्रक, हातोडा, माणसाचं बोलणं, तेही तोंड समोर असेल तर. बारीक आवाज मात्र कुणीतरी चाळणीने गाळून न्यावेत तसे नाहीसे झाले होते. फोनवर तर त्याला नुसती गुणगुण कळायची. म्हणून दुकानातला फोन बायको घ्यायची आणि हा 'हात काळे आहेत' म्हणून सुटायचा. डॉक्टरकडे जावं, तर तिथे कुणीतरी ओळखीचं भेटणारच. झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिऱ्या कानसेनाकडे कोण गाडी घेऊन येणार? आणि आलंच कुणी कीव करून, तर ते सहन कसं करायचं? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्याने ठरवलं. माणसाला स्वतःची लाज झाकायला किती अक्कल सुचते, ते बघून घ्यावं.

अक्कल सुचलीच. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ दातांत धरायची. थरथर दातांतून कवटीत चढायची आणि इंजिन पुन्हा बोलायला लागायचं. गिऱ्हाइकांना वाटलं, ही काहीतरी वरची विद्या. शेजारचा पंक्चरवाला सगळ्यांना सांगत सुटला की आमचा कानसेन आता इंजिन चावून बघतो. कानसेनही हसला. हसण्यावारी गेलं म्हणजे वाचलो, असं त्याला वाटलं.

अशात जावई ती पट्टी घेऊन आला.

जावई भला माणूस, पण हौशी. कुठूनतरी मागवलेली, बोटभर लांबीची, वाकवलेली पत्र्याची पट्टी होती ती. कार्बोरेटरच्या तोंडात, हवा आत शिरते तिथे बसवायची. हवा म्हणे आत घुसळत जाते, तिला या पट्टीने दोन सरळ वाटा मिळतात, मग गाडी कमी पेट्रोलमध्ये जास्त पळते. कानसेनाने नाक मुरडलं. गाडी बनवणाऱ्यांना जे सुचलं नाही ते या पत्रेवाल्याला सुचलं होय, असं तो म्हणालाही. पण जावयाचा हट्ट, आणि जावयाला नाही म्हणायचं म्हणजे घरात तोंडं फुगणार. त्यात लेक मागून आली आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसवली तरच मी मागे बसेन. दुसऱ्या कुणी बसवली तर मी आपली बसने जाईन."

झालं. एवढं ऐकल्यावर कुठला बाप मागे सरेल?

ती दोघं टेकडीवर राहायची आणि कामाला रोज खाली उतरायची. रस्ता चांगला होता, पण उतार मोठा आणि वळणं अशी की समोरचं काही दिसू नये. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा आणि त्याच्या पलीकडे काही नाही.

कानसेनाने कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलने धुतला, फुंकून वाळवला. त्यात एक दट्ट्या असतो. हातातली मूठ पिळली की तो वर उचलला जातो आणि गाडी पळते. मूठ सोडली की स्प्रिंग त्याला खाली ढकलते आणि गाडी शांत होते. पट्टीची जीभ नेमकी त्या दट्ट्याच्या पायाशी येत होती. म्हणजे ती जागची हलता कामा नये. हलली आणि इंजिनाच्या ओढीने आत सरकली, तर वर गेलेला दट्ट्या खाली येणारच नाही. हे त्याला पहिल्या नजरेत कळलं. काम त्याला येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पट्टी धरायला दोन बारीक स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूखाली एक स्प्रिंग वायसर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चिरलेली कडी, स्क्रू सैल पडू नये म्हणून.

आता कानसेनाची एक सवय होती. काम करताना तो सुटे भाग कधी मोजायचा नाही आणि खाली कधी बघायचा नाही. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला असायचा. काही निसटलं तर ट्रेमध्ये वाजणार, वाजलं की हात आपोआप तिकडे जाणार. सगळी उमर अशीच गेली होती. कान पहाऱ्यावर असताना डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा? पहारेकरी केव्हाच नोकरी सोडून गेला होता, पण सवय तशीच राहिली.

दुसरा स्क्रू बसवताना तेलकट बोटांतून वायसर निसटला. ट्रेच्या कडेवर आपटला, टण् करून वाजला आणि बाकड्याखाली गेला. कानसेनाने स्क्रू आवळला आणि पुढच्या कामाला लागला.

गाडी सुरू झाली. त्याने स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरला, हवेचा स्क्रू थोडा आत घेतला, थोडा सोडला. पट्टीने खरंच काहीतरी केलं होतं. इंजिन पूर्वीपेक्षा मऊ चालत होतं. त्याने मूठ पिळून सोडली, कार्बोरेटरवर बोट ठेवलं. दट्ट्या खाली येऊन टेकल्याचा धक्का बोटाला नीट लागला. कानसेन मनातून खूश झाला. कानांवाचूनही जमतंय की, असं त्याला वाटलं, आणि त्या क्षणी त्याचा आनंद अगदी खरा होता.

जावई गाडीवर बसला, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. उतरला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी होती. कानसेनाच्या समोर उभं राहून त्याने विचारलं, "बाबा, ही शिट्टी वाजते ती ऐकलीत ना? रेस दिली की बारीक शिट्टी येते. हे असंच असतं का?"

कानसेनाला शिट्टी ऐकू आली नव्हती.

जावई उत्तराची वाट बघत होता. लेक हेल्मेट हातात घेऊन उभी होती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मान वळवून बघत होता. बायको दुकानाच्या फळीमागून बघत होती. तेव्हा म्हणता आलं असतं की थांबा, पुन्हा उघडून बघतो. पण उघडायचं कशासाठी? कुठली शिट्टी, किती बारीक, कुठून येते, हे विचारावं लागलं असतं आणि बिंग फुटलं असतं.

"ऐकली की," तो म्हणाला. "हवेला नवीन वाट मिळाली, ती बोलणारच. चार दिवसांत पट्टी बसेल, शिट्टी थांबेल."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कानसेनाने ऐकलं म्हणजे संपलं. जावयाने हेल्मेट घातलं, लेक मागे बसली. एरवी कानसेन प्रत्येक गिऱ्हाइकाला जाताना एक गोष्ट बजावायचा: रेस अडकली तर ब्रेकशी मारामारी करत बसू नका, आधी किल्ली फिरवा. त्या दिवशी तेवढं राहून गेलं. ती दोघं लवकर जावीत, एवढंच त्याला हवं होतं.

पुढचे दिवस चोराच्या मनात चांदणं. पंक्चरवाला येऊन सांगून गेला की जावयाची गाडी शिट्ट्या मारत हिंडते, पोरीबाळींनी काय समजायचं? कानसेन हसला. बायकोने जेवताना विचारलं, लेक म्हणते शिट्टी वाढलीय, खरं का? तो म्हणाला, वाढेल आणि मग थांबेल. इतक्या ठामपणे म्हणाला की स्वतःलाही पटलं. पण रात्री कूस बदलताना ती न ऐकलेली शिट्टी त्याच्या डोक्यात वाजायची. कधी दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यासारखी, कधी कुणीतरी लांबून बोलवावं तशी. खरी कशी होती ते त्याला कुठे माहीत होतं!

आठवड्यातून एकदा तो दोरीला बांधलेला लोहचुंबक दुकानभर ओढत फिरवायचा. लोखंडाचा कीस, पडलेले खिळे, सगळं गोळा व्हायचं. त्या सकाळी चुंबक बाकड्याखालून बाहेर आला तेव्हा काळ्या किसात एक चकचकीत कडी चिकटलेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, एका जागी चिरलेली, कोरी करकरीत. त्याच्या दुकानात येणाऱ्या कुठल्याच गाडीला एवढा लहान वायसर लागत नव्हता.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. मग त्याला सगळं एकदम कळलं. वायसर नाही म्हणजे स्क्रू सैल. स्क्रू सैल म्हणजे पट्टी थरथरणार. थरथरली की शिट्टी वाजणार. पट्टी ओरडून सांगत होती, आणि त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की लक्ष देऊ नका.

तो फळीकडे धावला. लेकीला फोन लाव, आत्ताच्या आत्ता, असं बायकोला म्हणाला. ती गिऱ्हाइकासाठी बल्ब शोधत होती. खिशात फोन आहे तुमच्या, तुम्हीच लावा की, असं ती वर न बघता म्हणाली असावी. ओठांवरून त्याला तेवढं कळलं.

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला.

गिऱ्हाईक बघत होतं. पंक्चरवालाही हात थांबवून बघत होता. बायकोने बल्बचा खोका खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तेच त्याला जास्त लागलं.

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "शिट्टीसुद्धा नव्हती आली?"

त्याने मान हलवली. तिने फोन लावला.

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लेकीने उचलला, हे त्याला बायकोचे खांदे खाली आले त्यावरून कळलं. लेक जिवंत होती, बोलत होती. गाडी बंद करा, तिला हात लावू नका, असं सांग म्हणून त्याने बायकोचा दंड धरला. बायकोने सांगितलं आणि मग ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर ती त्याच्याकडे तोंड करून, त्याला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलली.

"उताराच्या तोंडाशी, पंपावर थांबलेत. ती म्हणते, शिट्टी थांबली. पंपावर येता येता आपोआप थांबली. तुम्ही सांगितलं होतं तशीच."

पट्टी आत सरकली होती. आता रेस पुरती दिली की वर गेलेला दट्ट्या तिच्यावर अडकून तिथेच राहणार होता.

"त्याला उतरायला सांग," तो म्हणाला. "गाडीवरून उतरायला सांग."

"तो तिथे नाही. ती रांगेत थांबलीय, पाण्याची बाटली घ्यायला. तेवढ्यात एक चक्कर मारून बघतो म्हणाला. खालच्या वळणापर्यंत." बायकोने फोन पुन्हा कानाला लावला. "ती म्हणते, बाबांना द्या. आता कशी गोड चालते ते बाबांना ऐकवते."

आणि सवयीने, किंवा काय करावं ते न सुचून, बायकोने फोन त्याच्या कानाला लावला. लेकीने तिकडे रस्त्याच्या दिशेने हात लांब केला असणार. कानसेनाने डोळे मिटले. त्याने सगळा जीव कानात आणला. गुणगुण होती की नव्हती, तेही त्याला सांगता येईना.

त्याने फोन तिच्या हातात परत दिला.

"तू ऐक," तो म्हणाला. "वळण आलं की आवाज खाली यायला हवा. येतोय का?"

तिने फोन कानाशी घट्ट दाबला, दुसऱ्या कानावर हात धरला. इतकी वर्षं तो इंजिन ऐकताना ती त्याच्या तोंडाकडे बघत आली होती. आता तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मग तिचे ओठ हलले. शब्द एवढासाच होता आणि तो त्याला अगदी स्वच्छ कळला.

"नाही."