लाल दोऱ्याची गाठ

टप्पकन काहीतरी पडलं आणि घरंगळत आलं. शिलाई मशीनवरचं लाल दोऱ्याचं रीळ. दोरा सोडत सोडत ते उंबऱ्यापाशी गेलं आणि मामांच्या पायाला लागून थांबलं. एवढ्याशा आवाजानंही आम्ही तिघं दचकलो. मशीनमागे माझी पाच वर्षांची प्रीती उभी होती, दोन्ही हात पाठीशी.

मामा म्हणजे माझे सासरे, भिवा. गोदावरीच्या बंधाऱ्यामागं साठलेल्या पाण्यात वीस वर्षं त्यांची बोट चालते. कुंभार पिंपळगावाकडच्या आमच्या काठावरून बाया पलीकडे कापूस वेचायला जातात. पुलानं जायचं तर अर्धी सकाळ रस्त्यातच जाते. मामांच्या बोटीनं दहा मिनिटं. त्या दिवशी सकाळी सहा बाया बसलेल्या असताना इंजिन भर पाण्यात बंद पडलं. आठवड्यात तिसऱ्यांदा. थोडं थंड झालं की सुरू व्हायचं, पुन्हा तापलं की बंद. शेवटी वल्ही मारत काठ गाठला. बेबीनंदा उतरता उतरता म्हणाली, "भिवाभाऊ, तुमचं इंजिन पहिल्यांदा सासरी निघालंय का? लई पाय वढून राह्यलंय!" बाया हसल्या. मामा हसले नाहीत.

ते इंजिन खांद्यावर टाकून घरी घेऊन आले आणि बाजेला टेकवून ठेवलं.

"शीला, तूच बघ आता. तू म्हणशील संपलं, तर संपलं. मंग मी बी घरी बसतो."

माझ्या वडलांचं बदनापूरला स्टेशनजवळ गॅरेज आहे. टू-स्ट्रोक गाड्यांच्या धुरातच मी मोठी झाले, मग आयटीआय केलं. लग्नात मामांनी काही मागितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं, "पोरीला बोटीचं इंजिन येतं का?"

मी पान्ह्यांची पिशवी काढली. आधी दोरी ओढून पाहिली. चांगलं इंजिन हाताला अडतं, मागं खेचतं. हे विहिरीत रिकामी बादली सोडावी तसं हलकं आलं. प्लग काढला. तो तपकिरी असायला हवा, तर पांढरा पडलेला, वर चकाकणारे बारीक कण. प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावून पुन्हा दोरी ओढली. काटा साठावर थांबला. शंभराच्या पुढं हवा. मग त्याच छिद्रातून चमचाभर तेल आत सोडलं आणि परत ओढलं. काटा नव्वदवर.

"वाढलं की!" मामा पुढं सरकले.

"तेलानं आतली फट भरली म्हणून वाढलं. म्हणजे वरचं पॅकिंग बराबर आहे मामा. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजलंय."

"वीस वर्सं झाली. झिजणारच."

मी हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडलं. आत बॅटरी मारली. वयानं झिजलेलं सिलिंडर गुळगुळीत असतं, जुन्या उंबऱ्यासारखं. इथं उभे ओरखडे होते, ताजे, इंजिन बिनतेलाचं चाललं की पडतात तसे.

"मामा, पेट्रोलमधी तेल टाकता ना?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं, रोज जेवता ना. "वीस वर्सांत एक बार बी बिनतेलाचं पेट्रोल गेलं न्हाई. तेल टाकलं की कॅनला लाल दोरा. दोरा असल्याबिगर मी कॅन बोटीत ठेवतच न्हाई."

कॅन दारातच होता. दांडीला लाल दोरा होता. मी त्यातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. तेल मिसळलेलं पेट्रोल निळसर दिसतं. बाटलीतलं अगदी स्वच्छ होतं, पिण्याच्या पाण्यासारखं.

मामांनी बाटली उन्हात धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"खरं सांगू का शीला? मला तेल टाकल्याचं आठवत न्हवतं. पेट्रोल भरून हात धुवून येतो, तर दोरा बांधलेला. म्हणलं, टाकलं असंल. दोन-तीन बार झालं असं." त्यांनी बाटली खाली ठेवली. "बेबीनंदाला सांगून दे. उद्यापासून पुलानं जा म्हणावं. गाठ मारून तेल टाकायचं इसरतो, त्या माणसाच्या बोटीत कुणी बसू नये."

ते उठून मागच्या अंगणात गेले. त्यांची पाठ इतकी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी कॅनचा दोरा सोडायला गेले आणि हात थांबला. मामांची गाठ मला माहीत आहे. एका हातानं मारतात, एकच, घट्ट. शेवटी कापावीच लागते. ही तर बुटाच्या नाडीची दोन कानांची गाठ होती. एक कान मोठा, एक छोटा. अंगणवाडीत बूट घालून जायचं म्हणून मीच महिनाभर शिकवत होते.

"प्रीती, हात दाखव."

तिनं पाठीमागचे हात पुढं केले. मुठीत लाल दोऱ्याचे तुकडे, सारख्या मापाचे.

"आबाला दोरा सापडत न्हाई ना. म्हणून मी कापून ठेवून राह्यले. ते हात धुवायला गेल्ते, तवा मीच बांधून टाकला." मग कुजबुजत, "आबाला कळलंच न्हाई!"

मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना.

अंगणात जाऊन मी मामांपुढं दोरा धरला. त्यांनी चष्मा लावला. मोठा कान, छोटा कान बोटानं चाचपला. पहाटे अंधारात त्यांनी फक्त दोरा आहे एवढंच चाचपलं असणार. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"म्हंजे मी इसरलो न्हाई?"

"न्हाई मामा. दोरा आहे म्हणून तुम्ही तेल टाकायचं थांबलात, एवढंच."

"इसरलो न्हाई," ते पुन्हा म्हणाले, नदीलाच सांगितल्यासारखं. चष्मा काढून डोळे पुसले. "पण इंजिन कशानं बिघडलं ते तिला सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

संध्याकाळपर्यंत मी पिस्टन बाहेर काढला. मामांनी संघपालला, माझ्या नवऱ्याला, जालन्याला फोन लावला: एमआयडीसीतून सुटलास की सिलिंडर घासून मोठं करायचं बोअरिंग कुठं होतं ते विचारून ये, मोठ्या मापाचा पिस्टन बघ. आवाज असा, की पलीकडून संघपालनं विचारलं, "लॉटरी लागली का?" मग त्यांनी प्रीतीला मांडीवर घेतलं.

"आता तेल मी टाकणार आणि हाक मारणार. हाक आली की गाठ तू मारायची. हाकेच्या आधी न्हाई. पक्कं?"

"पक्कं!"

ती उड्या मारत माझ्याकडं आली. फडक्यावरचा पिस्टन तिनं दोन्ही हातांत उचलला आणि ओरखड्यांवरून बोट फिरवलं, दुखऱ्या गुडघ्यावरून फिरवावं तसं हळू. मामा एकदम पान्हे पुसायला लागले, जे मी आधीच पुसले होते.

"आई, तुला इंजिनातलं सगळं कळतं ना?"

"हो."

"मंग सांग ना, ह्याला कुणी वरखडलं?"