मासा शिजवणारी हंडी

मित्रांनो, एक कोडं मला फार दिवस छळत होतं. मासा तोच, मसाला तोच, मीही तीच; मग चव बदलते कशी?

मी मातीची जुनी हंडी आहे. कुंभाराने मला भाजलं, पण पक्कं केलं माझ्या मालकिणीने, न्हानबाईंनी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यात पेज उकळली, तेव्हापासून मी कधी गळले नाही. नाम दिन्ह शहराजवळच्या आमच्या गावात, भाताच्या तुसाच्या मंद आचेवर मी दिवसभर बसून राहायचे. पोटात तळ्यातला मासा, आल्यासारखं कोळिंजन, जाळलेली साखर आणि मुरवलेल्या माशाचं खारं पाणी. काटासुद्धा मऊ व्हायचा. शेजारीपाजारी वासावर यायचे.

मग त्यांच्या मुलीला, थोआला, हनोईच्या शिवण कारखान्यात नोकरी लागली. न्हानबाईंनी मला फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत घातलं.

"अगं आई, मग तू कशात करशील?"

"मी दुसरी घेतलीय. तू तुझं बघ."

भाड्याच्या खोलीत थोआने मला गॅसवर चढवलं. चाखून तोंड वाकडं केलं. कोळिंजन वाढवलं, मासा बदलला, काही उपयोग नाही. माझ्यातच खोट आली की काय, असं मला वाटू लागलं. शेवटी तिने फोन लावला.

"आई, मीठ किती घालतेस?"

"पुरेल इतकं."

"म्हणजे किती?"

"जिभेला विचार की. मला काय विचारतेस?"

"तुझा मासा कसा झालाय आज?"

"झालाय छान. जेवतेच आहे."

आईसमोर शिजवून चूक पकडायची, असं ठरवून थोआ रविवारी न कळवता मला घेऊन गावी आली. न्हानबाई जेवत होत्या. वाडग्यात भात आणि खारवलेली वांगी. चुलीपाशी हंडी नव्हतीच.

"नवी हंडी कुठाय?"

"एकटीसाठी कोण मासा चढवतं गं?"

"आणि फोनवर थापा?"

"तू नीट जेवावंस म्हणून."

थोआ पिशवी ठेवून तळ्यावर गेली. तिने मासा आणला, तूस पेटवलं. संध्याकाळी दोन वाडगे मांडले. आमच्याकडे मोठ्यांना बोलावल्याशिवाय धाकट्यांनी जेवणाच्या काड्या उचलायच्या नसतात. "आई, जेव," ती म्हणाली. असं म्हणायला हनोईत तिला कोणीच नव्हतं. न्हानबाईंचे डोळे भरून आले.

चव जमली का? हंडीला आपल्या पोटातलं काय कळणार? पण दोघींनी माझा तळ बोटांनी पुसून खाल्ला.

मित्रांनो, आम्हाला जपून घासा, हे तर सांगतेच. पण दूरचं माणूस "जेवले" म्हणालं, की काय जेवलीस, तेही विचारा.