म्हातारा नाही म्हणतो

शिलाई मशीन पुढ्यात आली की मी आधी तिला हात लावत नाही. गिऱ्हाइकालाच चाक फिरवायला सांगतो आणि कान देतो. खडखड आली तर शटल. कुरकुर आली तर तेल. आणि आत नुसतीच टकटक होऊन चाक सैल फिरलं, की समजायचं, प्लॅस्टिकचा गियर दात पाडून बसलाय. मग मी म्हणतो, "उचला. घरी न्या. हिच्यात काही राम नाही."

हे वस्तादानं शिकवलेलं. त्या मशीनला नवा गियर बसतो, नाही असं नाही. पण दोन महिन्यांत परत जातो, आणि माणसाचं काम ऐन वेळी अडकतं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणावं. जरा जोरातच म्हणावं, हळू म्हटलं की लोक गळ घालत बसतात. एकोणतीस वर्षं मी असा खेकसत आलोय, आणि तीच माणसं दुसरी मशीन घेऊन माझ्याकडेच परत येत आलीत.

दुकान जिन्याखाली. दोघं आत असले तर तिसऱ्यानं पोट आत ओढून यायचं. अशा दुकानात दोन वर्षांपूर्वी माझी पोरगी शिरली, चांगली ऑफिसातली नोकरी सोडून.

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं?"

"बाबा, तिथं दिवसभर काय केलं ते संध्याकाळी मलाच आठवत नाही. इथं निदान मशीन चालू होते."

हात चांगला आहे तिचा. नजर तर माझ्यापेक्षा बारीक. फोनच्या नकाशावर दुकान तिनंच चढवलं. लोक आमच्याबद्दल चार ओळी लिहायचे, ते वाचून आणखी चार लोक यायचे. बरं चाललं होतं.

या वर्षी फोन वाजायचा कमी झाला. आधी मला वाटलं, लोकांनी शिवणंच सोडलं. मग एक दिवस समोरचे शिंपी मास्तर आले, तणतणतच.

"माझी मेहुणी मशीन घेऊन पार गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली! म्हटलं, अगं, माझ्या दुकानासमोर हा बसलाय ना! तर म्हणते, फोनला विचारलं, त्यानं तिकडे पाठवलं."

पोरीनं लगेच तिच्या फोनला विचारलं. आता म्हणे कोणी दुकानांची यादी वाचत बसत नाही. तो एआय सगळं वाचतो आणि एकच उत्तर देतो. त्यानं लांबची दोन दुकानं सांगितली. मग पोरीनं आमच्या दुकानाचं नाव घेऊन विचारलं. फोन अगदी गोड आवाजात बोलला, "या दुकानाचे मालक अनेकदा दुरुस्तीला नकार देतात आणि ग्राहकांवर आवाज चढवतात, असं ग्राहक सांगतात. जाण्याआधी दुसरे पर्याय पाहावेत."

मास्तर खो खो हसले. "एवढं खरं तर तुझी बायकोपण बोलत नाही!"

पोरगी हसली नाही. लोकांनी लिहिलेलं ती एकेक वाचायला लागली. सगळ्यात वर मास्तरांचंच होतं. 'मशीन घेऊन गेलो तर म्हातारा खेकसला. भंगार आहे म्हणाला, हातही लावला नाही. माझा वेळ वाचवला. मी याच्याशिवाय कुठे जात नाही.' बाकीच्यांचंही तसंच. नाही म्हणाला, ओरडला, परत पाठवलं, देवमाणूस. शेवटचा शब्द त्या एआयनं गिळून टाकला होता.

"आता?" मी म्हटलं.

"आता लोकांना सांगू, नवं लिहा. साधं. मशीन नेली, नीट झाली. बस."

इथं मी माती खाल्ली. जुन्या गिऱ्हाइकांना फोन मीच केले, आणि फुशारकीत म्हणालो, "मनापासून लिहा हो!" त्यांनी मनापासून लिहिलं. मास्तरांनी लिहिलं, 'असला खडूस माणूस शोधून सापडणार नाही.' एका बाईंनी लिहिलं, 'मशीनपेक्षा हाच जास्त खडखड करतो, पण हात सोन्याचा.' आम्ही वाचून पोट धरून हसलो. पंधरा दिवसांनी पोरीनं परत विचारलं, तर फोन म्हणाला, "हे मालक खडूस स्वभावासाठी ओळखले जातात."

तेव्हा मात्र मी पण हसलो नाही.

पुढचे तीन दिवस दुकानाची पायरी कोणी चढलं नाही. चौथ्या दिवशी पोरगी स्क्रू पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली, "जुन्या साहेबांचा फोन होता. जागा अजून रिकामी आहे. महिनाअखेरीला सांगायचंय."

"काय सांगणार?"

"तुम्हीच सांगा. दुकान राहणार असेल तर मी राहते." मग म्हणाली, "बाबा, ते 'नाही' तेवढं बंद करा ना. नुसतं 'ठेवून जा, बघतो' म्हणा. त्यात काय जातंय?"

"वस्ताद वरून चप्पल फेकून मारेल."

"वस्तादांच्या वेळी फोन बोलत नव्हता."

मी तणतणत बाहेर जाऊन उभा राहिलो. पण डोक्यातून ते महिनाअखेर काही जाईना.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. कडेवर पोर घ्यावं तशी मशीन धरलेली. म्हणाली, "फोन म्हणत होता तुम्ही घेत नाही. पण इथनंच चालले होते, म्हटलं विचारू."

मी चाक फिरवायला सांगितलं. टकटक. सैल.

पोरगी दोरा गुंडाळत होती. तिचा हात थांबला. तिलाही ऐकू आलं होतं, तिचा कान मीच तयार केलाय.

"बघतो," मी म्हटलं. "ठेवून जा, ताई."

हळू म्हटलं. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. बाई इतकी खूश झाली, की तिथंच उभं राहून फोनवर लिहिलं, 'लगेच घेतली. खूप गोड बोलले.'

त्या महिन्यात अशा सहा मशिनी घेतल्या. गियर घातले, चालू करून दिल्या. सहाही जणांनी गोड लिहिलं. आणि फोन सुधारला. "अलीकडे ग्राहक मालकांच्या नम्र वागण्याचं कौतुक करतात," म्हणतो. गिऱ्हाइकं यायला लागली. पोरीनं साहेबांना 'येत नाही' म्हणून कळवलं. घरी सगळे खूश. मास्तर तेवढे म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना? ओरडत नाहीस हल्ली."

काल ती पहिली बाई परत आली. मशीन कडेवर. दोन महिनेही झाले नव्हते.

"परत तसंच होतंय हो," म्हणाली. रागावली नव्हती, तेच वाईट. तिला वाटत होतं, चूक तिचीच. "माझ्याकडनंच काही बिघडलं असेल का?"

मी तोंड उघडलं. खरं सांगणारच होतो, की ताई, ही तेव्हाच भंगार होती. तेवढ्यात आतला फोन वाजला. पोरीनं उचलला. पलीकडचा माणूस मोठ्यानं सांगत होता, टकटक आवाज येतो, चाक सैल फिरतं.

पोरीनं माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून, गोड आवाजात म्हणाली, "घेऊन या ना. बघतो आम्ही."

बाई अजून दारात उभी होती, माझ्या उत्तराची वाट बघत.