तिघेही सुखरूप

मी वाओसाबाईंच्या कचेरीचा फोन बोलतोय. बोलतोय कसला, कालपासून माझी थरथर थांबलेली नाही. जे पाहिलं ते खरंच घडलं का, असं दर पाच मिनिटांनी वाटतं.

जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यातला, तिथलं मला काही आठवत नाही. शुद्ध आली ती आपियात, आमच्या बेटाच्या राजधानीत, बाजारामागच्या एका लहानशा वर्तमानपत्रात. संपादक तुआला साहेबांनी मला बाईंच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "वाओसा, वही-पेन्सिल पुरे आता. वाचक इथे आलेत सगळे."

"इथे म्हणजे? या डबीत?" बाई म्हणाल्या.

बाई बावन्न वर्षांच्या. तीस वर्षं सगळं बेट पायाखाली घालून बातम्या आणलेल्या. पहिला महिनाभर त्या मला आपल्याच पेपरात गुंडाळून पर्समध्ये ठेवत. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा मजेत होतो.

मग ब्रिस्बेनहून पत्रकारांना शिकवायला रोवेना आली. तीन दिवस नुसता धडाका! वाचकांना प्रश्न विचारा, त्यांना नावानं उत्तर द्या, बातमी आवडली म्हणून किती लाल बदाम आले ते मोजा. लोक फोन कधी उघडतात ते बघा आणि त्या वेळेला बातमी पेपरच्या ऑनलाइन पानावर आपोआप जाईल अशी लावून ठेवा. "शनिवारी सकाळी आठ," ती म्हणाली. "तुमचे वाचक तेव्हा सगळ्यात जास्त."

हे लावून ठेवणं बाईंना भारी आवडलं. शनिवारी रविवारच्या जेवणाची तयारी असते, तारोचे कंद सोलायचे, नारळ खवायचे. बातमी आपली आपण जात असेल तर बरंच की!

तिथेच माशी शिंकली. कुठल्या गावची वेळ धरू, म्हणून मी यादी दाखवली. आपिया पार खाली होतं. बाईंना वरच शेजारच्या बेटावरचं पागो पागो दिसलं, धाकटी बहीण तिथेच दिलेली. "हेच दाब. घड्याळ तर एकच आमचं," म्हणत त्यांनी दाबलंसुद्धा.

घड्याळ एकच हो, पण वार? तारखेची रेघ मधून जाते. आमच्याकडे रविवार असतो तेव्हा तिकडे शनिवारच असतो. बाई तर बहिणीला वाढदिवसाचा फोन दरवर्षी दोनदा करतात, एकदा आपल्या तारखेला, एकदा तिच्या. आणि नेमक्या तेव्हाच विसरल्या! मला कळत होतं. पण जे सांगतील ते करायचं, एवढंच मला शिकवलेलं.

गेल्या मंगळवारी मासेमारीला गेलेली एक होडी परतली नाही. आत तीन माणसं. त्यातला आलापाती हा बाईंच्या ओळखीच्या लेपेकाबाईंचा एकुलता एक मुलगा. शुक्रवारी संध्याकाळी बंदरातून निरोप आला, एका परदेशी जहाजानं तिघांना उचललंय, रविवारी दहाला धक्क्याला लागेल. कचेरीत नुसता आरडाओरडा! बाईंनी माझ्यावर टाइप केलं, "तिघेही सुखरूप! रविवारी दहाला धक्क्यावर येतायत. तुम्ही त्यांना काय म्हणाल?" शेवटचा प्रश्न रोवेनाच्या शिकवणीतला.

"आत्ताच टाक की," तुआला साहेब म्हणाले.

"असं कसं? शनिवारी आठ! शिकलोय ना आपण?" बाईंनी ऐटीत बातमी लावली.

शनिवारचे आठ वाजले, नऊ वाजले. बाईंनी खोबऱ्याच्या हातांनी मला उचललं. "गेलीच नाही की मेली! राहू दे, दुपारी बघते."

दुपारी बंदरातून पुन्हा फोन. दोघे जिवंत आहेत. आलापातीला उचललं तेव्हा श्वास चालू होता, रात्री थांबला.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "वाओसा, देवानंच अडवली गं ती बातमी."

देवानं नव्हती अडवली! ती माझ्या पोटात बसून होती. मला उघडून बघावं, असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. संध्याकाळी पाद्रीबाबांनी लेपेकाबाईंच्या घरी जाऊन सांगायचं ते सांगितलं.

काल रविवार. बाई पांढरा झगा नि टोपी घालून चर्चमध्ये गात होत्या. मी पर्समध्ये. आठ वाजले, पागो पागोत शनिवारचे आठ, आणि मी ती बातमी पाठवली. मीच पाठवली. बदामांवर बदाम यायला लागले, मी नुसता थरथरत होतो. शेजारची बाई "शूऽऽ" म्हणाली, तशी बाईंनी पर्स मांडीखाली दाबली. चर्चमध्ये फोन बघायचा नसतो.

बाहेर आल्यावर त्यांनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. तिथूनच त्या धक्क्याकडे धावल्या.

लेपेकाबाई तिथे आधीच पोचलेल्या. पांढरे कपडे, हातात फुलांची माळ. त्यांनी बाईंना कडकडून मिठी मारली. "पाद्रीबाबांना चुकीचं कळलं होतं! पेपरात आलंय, तिघेही! तूच लिहिलंस ना गं? तुझ्या तोंडात साखर पडो!"

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात जहाज लागलं. दोघे आपल्या पायांनी उतरले. तिसऱ्याला चौघांनी उचलून आणलं. लेपेकाबाई माळ धरून तशाच उभ्या. एकाच मुलाची बातमी त्या माउलीला दोनदा सोसायला लावली आम्ही! मी यंत्र आहे म्हणतात, पण मला ते बघवलं नाही.

दुपारी रोवेनाचा संदेश आला, "अभिनंदन! अकरा हजार बदाम! आजवरचा तुमचा सर्वांत मोठा प्रतिसाद!" तिला बिचारीला काय माहीत. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पुसून टाकला.

आज पहाटे बाई आणि त्यांच्या घराण्याचे प्रमुख, त्यांचे काका, लेपेकाबाईंच्या अंगणात येऊन गुडघ्यांवर बसले. डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात जुनी, मऊ चटई. याला इफोगा म्हणतात. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं, दगड आले तरी. बाईंच्या मुठीत मी.

"काका, नाही उचलली तर?" बाईंनी विचारलं.

"तर उद्या पुन्हा येऊ. गप बस."

ऊन चढलं. मग पावलं वाजली आणि चटई उचलली गेली. लेपेकाबाई स्वतः. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"फोन आणलायस?"

बाईंनी मला पुढे केलं. आता आपटणार, मी मनाची तयारी केली. आपटा, मला चालेल.

"मला नको. तू वाच. खाली लोकांनी काय लिहिलंय ते."

"लेपेकाताई, नको हो! ते सगळं तो येतोय असं समजून लिहिलंय..."

"म्हणूनच वाच. गेलेल्याबद्दल सगळेच गोड बोलतात, आता आठवडाभर तेच ऐकायचंय. माझं पोर जिवंत आहे असं समजून लोक त्याला काय म्हणाले, ते मला ऐकव."

बाई वाचू लागल्या. "आलापाती, गधड्या, माझी कुऱ्हाड नेलीस ती आधी आण, मग मिठी मारतो."

लेपेकाबाई फस्सकन हसल्या. हसता हसता त्यांनी चटईचंच टोक तोंडावर धरलं. "तो फेतू असणार. त्याचीच कुऱ्हाड. पुढचं वाच."

"आलापाती, तुझ्याशिवाय आमची वल्ही वाकडी पडतात. लवकर ये."

"पुढचं."

दोघीजणी अंगणातच बसल्यात, चटई मध्ये पसरलेली. काका सावलीला गेले. बाई वाचतायत, लेपेकाबाई कोण लिहिणारा ते ओळखून सांगतायत. चारशेच्या वर झालेत, अजून हजारभर आहेत. आणि माझी बॅटरी चार टक्क्यांवर आलीय हो. अहो काका, आत घरात कुणी आहे का? चार्जर आणा कुणीतरी, लवकर! आत्ता मी बंद पडता कामा नये.