हौदातली ओटी

गावातल्या सगळ्यांत थोरल्या धोंडुबाईंनी पदर खोचला आणि ओटीचे मूठभर तांदूळ सरळ नव्या हौदात सोडले. विद्याश्री नको नको म्हणेपर्यंत मागच्या बायकांनीही मुठी रिकाम्या केल्या. नव्या हौदात नदी पहिल्यांदा आली, तर तिची ओटी नको भरायला?

कोडोलीजवळच्या या पाणी संस्थेचे पंप दर पावसाळ्यात गाळाने बसायचे, म्हणून विद्याश्रीने हा उथळ, गोल हौद बांधून घेतला होता. पाणी कडेने शिरून गोल फिरेल, तळाशी घासून मंदावलेलं पाणी आत वळेल, त्याबरोबर गाळ मधोमध जमेल आणि तिथल्या पाइपातून बाहेर जाईल, असं तिचं गणित. इंजिनिअर झाल्यावरचं तिचं हे पहिलंच काम. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव मात्र हट्टाला पेटले होते. फिरत्या पाण्यात जड ते कडेलाच जाणार, शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. आज गाळ कडेला बसला तर उद्या हौद फोडायचा, हे त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

"मॅडम, तांदूळ तर समदं कडंलाच लागलं की," ते म्हणाले.

खरंच लागले होते. वीतभर पाण्यात पांढरे दाणे भिंतीला धरून पळत होते. कुणीतरी फिदीफिदी हसलं. विद्याश्रीने कठडा घट्ट धरला.

मग दाणे तळाला टेकले आणि फिरता फिरता आत सरकू लागले. आधी चुकार दोन-चार, मग थव्याने. बघता बघता हौदाच्या बरोबर मधोमध तांदळाची रास झाली आणि तिच्यामागोमाग तांबडा गाळही तिथेच येऊन बसला.

हसणं बंद झालं. विद्याश्रीला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण तिने नुसता व्हॉल्व्ह फिरवला. मधला गाळ तांदळासकट पाइपातून गायरानात धो धो पडला, आणि काठावरून निवळ पाणी पंपाकडे वाहू लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हंबीरराव बराच वेळ वाकून बघत राहिले. मग गायरानात उतरले, तो गाळ चिमटीत घेऊन चोळला आणि वर आले.

"एवढं सोनं गायरानात कशाला सोडलंईस, पोरी?"

"गाळ कुणालाच नको होता, आबा."

"माझ्या उसाकडं वळीव की."

"वळवते," विद्याश्री म्हणाली. "आधी ओटी भरणाऱ्या धोंडुआजींचं रान, मग तुमचा ऊस."