सोमवारचं पाणी

मार्मोरेच्या धबधब्याला वेळापत्रक आहे. वरच्या कालव्याचे दरवाजे उघडले की पाणी येते आणि बंद झाले की कडा उघडा पडतो. उरलेला वेळ ते पाणी वीजघरासाठी राबते. खालच्या फाटकापाशी तिकीट-खिडकीत बसणारी ओर्नेल्ला एकोणीस वर्षे येणाऱ्या प्रत्येकाला हेच आधी सांगत आली होती. वार बघा, वेळ बघा, भोंग्याच्या दहा मिनिटं आधी कठड्याशी उभे राहा. रेनकोट विसरू नका. पायऱ्या चढून जायच्या असतील तर चपला नकोत, बूट हवेत. जेवायला पिएदिलूकोच्या तळ्याकाठी जा, भाजलेला मासा मागवा, आणि घाई असेल तर जाऊच नका, कारण तिथं कुणालाच घाई नसते.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी तिने स्वतःच्या वडिलांना, सेत्तिमियोला, आणले होते.

सेत्तिमियोने एकतीस वर्षे वरच्या दरवाजांवर काम केले होते. भोंगा द्यायचा, दरवाजे उचलायचे, पाणी सोडायचे. काठावरून पाणी दिसेनासे होताना त्याने हजारो वेळा पाहिले. ते खाली पोचताना एकदाही नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला पाण्याचे नावही नको असे. आता फुप्फुसे थकली होती, डॉक्टर महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलू लागले होते, आणि गुरुवारी सूप पिता पिता तो म्हणाला होता, "पहिलं पाणी खाली येतं ना, ते एकदा बघायचं राहिलं गं."

ओर्नेल्लाने स्वतःच्या किल्लीने बाजूचे फाटक उघडले आणि चाकाची खुर्ची कठड्याला लावली. पावणेदहा वाजले होते. खुर्चीखालचे ऑक्सिजनचे नळकांडे साडेअकरापर्यंत पुरणार होते. समोर काळाभोर कडा, त्यावर शेवाळ, आणि कुठे कुठे दोऱ्याएवढी ओघळणारी धार. तिने वडिलांच्या अंगावर रेनकोट चढवला, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली.

"लहान मुलासारखं बांधतेस," तो म्हणाला.

"मग लहान मुलासारखे हलू नका."

दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटे झाली.

"मिर्कोला आज उशीर झालेला दिसतो," ती म्हणाली. मिर्को हा आता दरवाजांवर होता. काम त्याला सेत्तिमियोनेच शिकवले होते.

"मिर्कोला नाही झाला उशीर. आज सोमवार आहे, बेटा."

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. हिवाळ्यात खिडकीवर तिची पाळी फक्त शनिवार-रविवारी असे. तिच्या लेखी नोव्हेंबरातले पाणी दहालाच येत होते. पर्समधून तिने पत्रक काढले. सोमवार ते शुक्रवार, बारा वाजता. त्या ओळीखाली तिनेच, लोकांच्या नजरेत भरावे म्हणून, लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

"तुमच्या कधी लक्षात आलं?"

"घरातून निघताना."

"मग बोलायचं नाही का, बाबा?"

"बोललो असतो तर तू उद्यावर टाकलं असतंस." त्याने श्वास घेतला. एका वाक्यासाठी आता त्याला दोन श्वास लागत. "आणि उद्या मला या खुर्चीत बसता आलं असतं असं नाही."

तिने मिर्कोला फोन लावला. नळकांडे बारापर्यंत पुरणार नाही, दरवाजे आत्ताच उघड, असे तिने सांगितले.

"ओर्नेल्ला, हे तेवढं मागू नकोस. खाली नदीत गळ टाकून माणसं उभी असतील. बारापर्यंत नदी आपली, असं धरून चालतात ती."

"फक्त दहा मिनिटं, मिर्को."

सेत्तिमियोने हात पुढे करून फोन घेतला. "उघडू नकोस रे."

"नाही उघडत, काका." मिर्को म्हणाला.

"शाबास. आणि उजव्या दरवाज्याला ग्रीस लाव. कण्हतोय तो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरी ऐकू येतं मला."

त्याने फोन परत दिला. ती त्याच्याशेजारी कठड्यावर बसली. तिला रडायचे नव्हते. आपण रडलो तर त्यालाच आपली समजूत काढावी लागेल, आणि त्यात त्याचा श्वास खर्च होईल, हे तिला कळत होते. तो मान मागे टाकून कोरडा कडा बघत राहिला.

"एवढा उंच आहे होय," तो शेवटी म्हणाला. "वरून वाटत नाही."

पावणेअकराला ती त्याला घेऊन निघाली. धबधब्याजवळच्या पापिन्यो गावातल्या घरी तिने त्याला पलंगावर निजवले, मोठ्या यंत्राची नळी नाकाशी लावली. रेनकोट काढायला मात्र त्याने नकार दिला. थकून त्याचे ओठ निळसर झाले होते.

बाराला भोंगा वाजला. ओर्नेल्लाने खिडकी उघडली. सेत्तिमियोने चादरीवरचे एक बोट उचलले आणि डोळे मिटले.

"उजवा उचलला," तो म्हणाला. "ग्रीस नाही लावलं अजून." मग बराच वेळ तो ओठ हलवून काही मोजत होता. "आता वळणावर. आता काठाशी." बोट खाली आले. "इथपर्यंत मला ठाऊक आहे. पुढचं तू सांग."

ती पलंगाच्या कडेला बसली. रोजच्या आवाजात सांगायचे तिने ठरवले होते, पण आवाज तसा निघाला नाही.

"आधी डावीकडून एक पांढरी रेघ उतरते. लोकांना वाटतं, एवढंच? मग सगळा कडाच पांढरा होतो. आवाज थोडा मागून येतो. बोलणारी माणसं गप्प होतात, सगळी, पोरंसुद्धा. मग खालून वारा सुटतो, आणि त्या वाऱ्याबरोबर तुषार."

"भिजतात लोक?"

"भिजतात."

"रेनकोट घालून?"

"रेनकोट घालूनसुद्धा, बाबा. तिथं कोरडं कुणीच राहत नाही."

त्याने चादरीवरचा हात उलटा केला आणि तळवा वर करून तसाच ठेवला.